आंबट बिअर: सुरुवात कुठून करायची?
अमेरिकेत असशील तर आधी डॉगफिश हेडची सीक्वेंच एल घे. लिंबू, मीठ, 4.9 टक्के अल्कोहोल. कॅनमध्ये सहज मिळते. ती आवडली की थेट बेल्जियमची रोडेनबाख ग्राँ क्रू. ओकच्या प्रचंड पिंपांत दोन वर्षं मुरलेली बिअर दोन तृतीयांश, बाकी नवी. आंबटपणा आमसुलाच्या सारासारखा, गोडाला धरून. इतकी कसदार बिअर नेहमीच्या दुकानात मिळते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं! लिंडेमन्सची रास्पबेरीवाली बरीच दिसते, पण ती फार गोड. तिच्यावरून लॅम्बिकबद्दल, म्हणजे हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवलेल्या बेल्जियन बिअरबद्दल, मत बनवू नकोस. त्यापेक्षा बूनची 'आउडे ग्यूझ' (जुन्या-नव्या लॅम्बिकचं मिश्रण) शोध, ती खरी कोरडी आणि आंबट. आणि बाटली फ्रीजमधून काढल्यावर थोडा वेळ थांब, फार गार असली की चव दबते.