भाकरी कपाळाला का लावायची

लाडके बाय,

आजीच्या फोनवरून तू पाठवलेला निरोप मी ड्युटीवरून आल्यावर तीनदा ऐकला. मधल्या सुट्टीत डब्यातल्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा खाली पडला, तू तो उचलून कपाळाला लावलास, आणि शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग हे कसं काय करता?" तुला काही सुचलं नाही. आजीला विचारलंस तर ती म्हणाली, "करायचं असतं." आजीचं बरोबरच आहे, पण तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही हे मला तुझ्या आवाजावरून कळलं.

दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंस तर मीही एका वाक्यात आटपलं असतं. मधे एक गोष्ट घडली आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात अडकलं आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. अडेल तिथे आजीकडून वाचून घे.

तुझ्या पणजीचं भाताचं शेत होतं, माजिवड्याच्या पलीकडे. आता तिथे उंच इमारती आहेत, तू बसमधून जाताना मोजतेस त्याच. पावसात गुडघाभर चिखलात वाकून पणजी लावणी करायची. आपल्या अंगणात झोडणी झाली की सांडलेला एकेक दाणा वेचायला आम्हा पोरांना बसवायची, आणि त्या दाण्यांवर कुणाचा पाय पडला तर पाठीत धपाटा बसायचा. ठाण्यात, वसईत, अलिबागेत, जिथे जिथे माणसांनी असा भात पिकवला तिथे तिथे पडलेली भाकर कपाळाला लागते. आपले पूर्वज ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी शेत सोडलं नाही, लुगडं सोडलं नाही, मराठी सोडली नाही. मग भाकरीचा मान तरी का सोडतील? उलट तो ते देवळात घेऊन गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला, आपल्या नव्या पिकाच्या सणाला, नव्या भाताची कणसं वाजतगाजत वेदीपुढे येतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात, ते तू दर वर्षी बघतेस. आजी त्यातलं एक कणीस घरच्या आल्तारावर वर्षभर ठेवते ना, ते उगीच नाही.

आणि एक बघ. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना आपण काय मागतो? "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." इथे अमेरिकेत मी तीच प्रार्थना इंग्रजीत म्हणते तेव्हा डोळ्यांपुढे दुकानातला प्लास्टिकच्या पिशवीतला पाव येतो. मराठीत म्हटली की आजीचा तवा दिसतो, पाण्याच्या हाताने थापलेली भाकर दिसते. बेथलेहेम या नावाचा हिब्रूतला अर्थच भाकरीचं घर असा आहे. येशू भाकरीच्या घरी जन्मला, आणि जाताना मागे काय ठेवून गेला, तर भाकर.

आता तुला एक कबूल करायचं आहे. इथे आल्यावर माझी ही सवय सुटली. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये पाव खाली पडला तर मी तो उचलून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकत होते, हात कपाळाकडे जातही नव्हता. त्याच सुमाराला रविवारी देवळात मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाणंही सुटलं. आधी शिफ्टमुळे, मग थकव्यामुळे, मग कारणच लागेना. तू फोनवर विचारायचीस, "आई, मिस्साला गेलीस?" आणि मी विषय बदलायचे. तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही.

जुलैत आमच्या शहरात, इंडियानापोलिसला, अमेरिकेतल्या कॅथलिकांची राष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. १७ ते २१ जुलै, पाच दिवस. युखरिस्त म्हणजे तू डिसेंबरात पहिल्यांदा घेणार आहेस ते भाकरीच्या रूपातलं ख्रिस्तशरीर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आभार मानणं. अशी परिषद या देशात याआधी १९४१ साली झाली होती, म्हणजे मध्ये ८३ वर्षं गेली. हिच्यासाठी मे महिन्यातच चार दिशांनी यात्रेकरू निघाले होते. एक वाट मिसिसिपी नदीच्या उगमापासून, एक सॅन फ्रान्सिस्कोहून, एक मेक्सिकोच्या सीमेवरून, एक पूर्वेकडच्या न्यू हेवनहून. दोन महिने, बरीचशी वाट पायी, आणि बरोबर युखरिस्त. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्याच आठवल्या. पादुका पालखीत आणि माणसं पायी. आणि बाय, परिषद सुरू झाली तो १७ जुलै म्हणजे आषाढी एकादशी! त्या दिवशी तू मला शेजारच्या काकूंनी दिलेली उपासाची खिचडी व्हिडिओवर दाखवलीस. तुझ्याकडे संध्याकाळ होती, माझ्याकडे सकाळ. फोन ठेवला आणि मी ठरवलं, आज जायचंच.

तू दादोजी कोंडदेव स्टेडियम पाहिलं आहेस. हे त्याहून पुष्कळ मोठं, वर छप्पर असलेलं, इथला फुटबॉल खेळतात ते. पन्नास हजारांवर माणसं आली होती. पहिल्या दिवशी मी पार वरच्या रांगेत एकटी बसले. ओळखीचं कुणी नाही, मराठी तर नाहीच. पुष्कळ गाणी झाली, भाषणं झाली, त्यातलं फारसं माझ्या लक्षात नाही. मग दिवे मंद झाले आणि खाली मधोमध, सोन्याचे किरण फुटल्यासारख्या एका उंच पात्रात युखरिस्ताची ती पांढरी चकती आणून ठेवली. धूप चढला. सगळी माणसं गुडघ्यांवर आली, आणि सगळं शांत झालं. कुठेतरी खाली एक तान्हं मूल रडलं, ते मला एवढ्या वर ऐकू आलं.

मी त्या चकतीकडे बघत होते. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. आपल्याकडे भात पिकतो, पण ही भाकर गव्हाचीच लागते, तसा चर्चचा नियम आहे. दिसायला एवढीशी. मिस्सात फादर येशूचे शब्द उच्चारतात, त्यानंतर ती येशूच असते, त्याची आठवण किंवा खूण नव्हे, तो स्वतः. हे मी तुझ्याएवढी असताना पाठ केलं होतं. त्या अंधारात पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. आठवला पणजीचा हात. खाली पडलेली भाकर दोन बोटांनी उचलणारा, फुंकर मारून कपाळाला नेणारा. मला वाटलं, ही पन्नास हजार माणसं आत्ता तेच करताहेत. पणजी रोज चुलीपाशी जे करायची, तेच. आणि मी रडले, बाय. पुष्कळ रडले. शेजारच्या अनोळखी बाईंनी काही न विचारता माझ्या हातात रुमाल दिला.

शुक्रवारी मी पापनिवेदनाला गेले. फादर अमेरिकन. पापं इंग्रजीत सांगितली, पण पश्चात्तापाची प्रार्थना काही केल्या इंग्रजीत येईना. शेवटी डोळे मिटून मराठीत म्हटली, आजीने शिकवली होती तशी. त्यांना एक अक्षर कळलं नसेल, पण ते शेवटपर्यंत थांबले आणि "आमेन" म्हणाले. शनिवारी शहरातून मोठी मिरवणूक निघाली, ती ड्युटीमुळे हुकली. रविवारच्या समारोपाच्या मिस्साला मात्र मी होते. पोपचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या फिलिपिन्सच्या कार्डिनल तागले यांनी ती अर्पण केली. दोन वर्षांनी मी ख्रिस्तशरीर घेतलं.

आजीला फोन केला तर ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माझं चौसष्ट साल तुला मिळालं." ही गोष्ट तिच्याकडून नीट ऐक, तिच्याइतकी मला सांगता येणार नाही. मुंबईत १९६४ साली आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती, ओव्हल मैदानावर, आणि पोप सहावे पॉल तिला आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. आजी तेव्हा चौदा वर्षांची. पणजीने फडक्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधली, आणि दोघी ठाण्याहून लोकलने व्हीटीला उतरून चालत गेल्या. गर्दीत आजीला पोपचा लांबून फक्त पांढरा झगा दिसला. ख्रिस्तशरीर घेण्याआधी फक्त एक तास उपाशी राहिलं तरी चालेल असं पोपनी परिषद सुरू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २१ नोव्हेंबरला, जाहीर केलं होतं. पणजीला ते पटलंच नाही. ती मरेपर्यंत जुन्याच नियमाने मध्यरात्रीपासून उपाशी राहिली. आजी अजूनही रविवारी "देवलान" जाऊन आल्याशिवाय चहा घेत नाही. तू विचारलंस की म्हणते, सवय आहे. सवय आहेच. देव घरी यायचा आहे म्हणून घर झाडून ठेवतात, तशी पोट रिकामं ठेवायची सवय.

तुझ्या मैत्रिणीला सांगायला तुला एक गोष्ट देते. मुंबईतल्या त्या मुक्कामात दुसऱ्या धर्मांच्या लोकांना भेटताना पोपनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली, असत्यातून सत्याकडे ने, अंधारातून प्रकाशाकडे ने. तू शाळेत म्हणतेस ती "असतो मा सद्गमय" हीच. रोमहून आलेल्या पोपना ती परकी वाटली नाही. मग आपल्या शेतातून आपल्या ताटात आलेल्या भाकरीला नमस्कार करताना आपण का बिचकायचं? तिला हे भांडून सांगू नकोस. तिचीही आजी हेच करत असेल, विचार तिला.

आता तुझ्या तयारीचं. धर्मशिक्षणाच्या बाईंनी डावा तळवा वर ठेवायला सांगितला, म्हणून तू बुचकळ्यात पडलीस असं आजी म्हणाली. काकूंकडे तीर्थ-प्रसाद घेताना उजवा हात पुढे आणि डावा त्याखाली, हे तुझ्या अंगात भिनलेलं आहे, आणि डाव्या हाताने खायचं नाही हेही. बाई सांगतात ते बरोबर आहे. डावा वर धरायचा तो पाट म्हणून, ज्यावर तो येऊन बसतो. मग खालचा उजवा काढायचा आणि उजव्याच हाताने तोंडात घ्यायचं. खाणारा हात उजवाच राहतो. फादर "ख्रिस्ताचे शरीर" म्हणाले की "आमेन" मोठ्याने म्हण, ओठांतल्या ओठांत नको. आणि तळव्यावर एखादा कण राहिला आहे का, ते बघ. दाणे वेचणाऱ्या पणजीची पणती आहेस तू. आजीसारखं जिभेवर घ्यावंसं वाटलं तरी चालेल, फादरना आधी विचारून ठेव.

डिसेंबरातली माझी बारा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. आजीला अजून सांगितलं नाही, तूच सांग. आणि आगेऱ्याला आशीर्वाद मिळालेल्या कणसातले चार दाणे माझ्यासाठी काढून ठेव. परत येताना मी ते इथे घेऊन येणार आहे.

तुझी,
आई