सायलेन्सरला पट्टी गुंडाळण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळा सुरू झाल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. एक्झॉस्टच्या पाइपवर गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी, जिला दुकानदार ‘हीट रॅप’ म्हणतात, ती लावल्याने बॉनेटखालची उष्णता कमी होते का आणि ती आपल्या गाडीला लावावी का, असे बहुतेकांनी विचारले आहे. काहींनी हा प्रश्न पट्टी लावून झाल्यानंतर विचारला आहे आणि त्यांची मला अधिक काळजी वाटते. म्हणून या वेळी केवळ याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (नागपूर): सिग्नलला गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढतो. मॅनिफोल्डला (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागाला) हीट रॅप लावल्यास गाडी तापायची थांबेल का?

नाही. तो काटा कूलंटचे तापमान दाखवतो, बॉनेटखालच्या हवेचे नाही. गाडी उभी असताना काटा चढत असेल आणि चालू लागल्यावर उतरत असेल, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले किंवा तापमानाचा सेन्सर यांपैकी काहीतरी बिघडले आहे, असे आधी समजावे. रेडिएटरची जाळी धुळीने आणि किड्यांनी बुजलेली असणे हेही नेहमीचे कारण आहे. काटा गाडी चालत असतानाही चढत असेल, तर थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि हेड गॅस्केट तपासावे लागेल. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण गार असतानाच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर येते. पट्टीसाठी राखून ठेवलेले पैसे या तपासणीवर खर्च करावेत आणि ती याच आठवड्यात करून घ्यावी.

प्रश्न (पुणे): मग ही पट्टी नेमके काम तरी काय करते?

पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग एक्झॉस्टवाटे बाहेर जातो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, बाहेर पडणारा वायू 800 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. हा वायू वाहून नेणारा उघडा पाइप आजूबाजूच्या वायरी, रबरी नळ्या, बॅटरी आणि प्लास्टिकचे भाग यांच्याकडे उष्णता फेकत असतो. अशी फेकलेली उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग थोडासा गार झाला तरी फरक मोठा पडतो. पृष्ठभाग 600 अंशांवरून 300 अंशांवर आणला, तर त्यातून बाहेर पडणारी प्रारित उष्णता साधारण एक पंचमांशावर येते. पट्टी हेच करते, आणि ती नीट गुंडाळलेली असेल तर शेजारच्या वस्तूंना खरोखरच आराम पडतो. हे मी मान्य करतो.

परंतु उष्णता नाहीशी होत नाही. ती पाइपच्या आत कोंडली जाते आणि पाइपचा धातू पूर्वीपेक्षा अधिक तापतो. साध्या पोलादावर 550 अंशांच्या वर झपाट्याने पापुद्रे धरू लागतात, आणि बिडाच्या मॅनिफोल्डचा अर्धा भाग गुंडाळलेला व अर्धा उघडा असेल तर असमान प्रसरणामुळे त्याला तडा जाण्याचा धोका वाढतो. म्हणून पट्टी कोठे लावायची, हे पाइप कशाचा आहे ते पाहून ठरवावे लागते, आणि ते गाडी रॅम्पवर घेऊन पाहणाऱ्यालाच सांगता येते.

प्रश्न (नाशिक): दुकानदार ‘टायटॅनियम’ पट्टी दुप्पट किमतीला देतो आहे आणि तिने गाडीची ताकद वाढते असे सांगतो. घ्यावी का?

या नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्या प्रत्यक्षात बहुतेक वेळा ज्वालामुखीय खडकाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या तंतूंच्या असतात. आपला सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा बनला आहे, त्याच जातीचा हा खडक वितळवून त्याचे तंतू ओढतात. टायटॅनियम हे त्या पट्टीच्या रंगाचे नाव आहे, धातूचे नव्हे. हे तंतू काचतंतूंपेक्षा काहीशी अधिक उष्णता सोसतात आणि गुंडाळताना कमी तुटतात, एवढा त्यांचा गुण खरा आहे. ताकद वाढण्याची गोष्ट मात्र सोडून द्यावी. शर्यतीच्या गाड्यांत लांब, मोजून बनवलेले पाइप असतात आणि वायू गरम राहिल्याने त्याचा वेग टिकतो; त्यावरून उचललेले हे विधान कचेरीत जाण्या-येण्याच्या गाडीला चिकटवले गेले आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, हार्डवेअरच्या दुकानांत बॉयलरसाठी मिळणारी पांढरी अ‍ॅस्बेस्टॉसची पट्टी किंवा दोरी ‘हेच ते, स्वस्तात’ म्हणून हातात दिली जाते. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांच्यामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पाकिटावर कशाचे तंतू आहेत हे छापलेले नसेल, तर ती पट्टी घेऊ नये.

प्रश्न (कोल्हापूर): पट्टी लावून चार महिने झाले. आता तिच्यावर काळा तेलकट डाग दिसतो आणि घाट चढून आल्यावर जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतो, नव्या पट्टीचा वास असतोच, जाईल हळूहळू. वाट पाहावी का?

वाट पाहू नये. हे वाचून झाल्यावर ती गाडी चालवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नव्या पट्टीतील चिकटद्रव्य पहिल्या काही वेळा तापताना जळते, धूर येतो, वास येतो, आणि थोड्याशा चालवण्यानंतर तो थांबतो. चार महिन्यांनी येणारा वास त्याचा नसतो. आपण वर्णन केलेला डाग आणि वास ही इंजिनाच्या तेलाची खूण आहे, आणि ते बहुधा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपत असावे, कारण बहुतेक गाड्यांत ते पॅकिंग मॅनिफोल्डच्या वरच्या बाजूला असते आणि उष्णतेने वाळून कडक होते.

उघड्या पाइपवर तेलाचा थेंब पडला, तर तो धूर होऊन संपतो. वास येतो, मालकाच्या लक्षात येते, पॅकिंग बदलले जाते. पट्टीवर पडलेला थेंब संपत नाही. तो तंतूंमध्ये शोषला जातो आणि आतल्या आत पसरत राहतो. दुकानदार लायटर लावून दाखवतात की पट्टी पेट घेत नाही, आणि गिऱ्हाइकाचे समाधान होते. परंतु समईची वात ज्या कारणाने जळते ते आठवावे: जळते ते तेल, वात फक्त ते वर ओढून ज्योतीपर्यंत नेते. काचतंतूंची वात केली तरी समई जळेल. तेल मुरलेली पट्टी म्हणजे लालबुंद होऊ शकणाऱ्या पाइपभोवती गुंडाळलेली वात आहे. कारखान्यांमध्ये वाफेच्या नळ्यांवरील आवरणात तेल मुरल्याने लागणाऱ्या आगी हा अभियंत्यांना चांगला परिचित असलेला प्रकार आहे. अशा आवरणात तेल तंतूंच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरलेले असते, त्याचे मंद ज्वलन सुरू होते, ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि एरवी तेल ज्या तापमानाला पेटणार नाही त्याहून कमी तापमानाला ते पेट घेते.

घाटाचा उल्लेख आपण केला आहे, तोही महत्त्वाचा आहे. चढावर इंजिनावर भार असतो, पाइप सर्वांत तापलेला असतो, आणि वर पोहोचून चहासाठी गाडी थांबवली की समोरून येणारी हवा बंद होते. बॉनेटखालचे तापमान त्यानंतर काही मिनिटे वाढतच जाते. धोक्याची वेळ तीच असते, आणि त्या वेळी गाडीजवळ कोणी नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती. मालकाची तक्रार ‘थोडा वास येतो’ एवढीच होती. पट्टी सोडायला घेतली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी मोडत होती, आतल्या थराला काळा डांबरासारखा लगदा चिकटलेला होता, आणि बोटभर अंतरावरून जाणाऱ्या वायरींचे आवरण वितळून तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या. ज्यांनी ती बसवली त्यांनी गाडीचे तेल झिरपत असल्याचे पाहिले होते आणि ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ असे सांगून वरून पट्टी गुंडाळून दिली होती. हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकले आहे की ते ऐकताच मला स्वस्थ बसवत नाही. तेल झिरपणाऱ्या इंजिनाला पट्टी लावणे चालत नाही. ब्रेक ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, पेट्रोल यांनाही हेच लागू आहे.

आता करायचे ते असे. गाडी पूर्ण गार झाल्यावर पट्टी कापून काढावी आणि टाकून द्यावी. ती पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊन पुन्हा लावण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याच्याकडे गाडी ठेवू नये. तेलाची गळती शोधून पॅकिंग बदलून घ्यावे, शेजारच्या वायरी आणि इंधनाच्या नळ्या इलेक्ट्रिशियनकडून व अनुभवी मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात, आणि मगच गाडी रस्त्यावर आणावी. त्यासाठी गाडी टो करून न्यावी. आणि या प्रश्नाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठीही सांगतो: चालताना बॉनेटमधून धूर दिसला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवून लांब न्यावे, 112 वर कळवावे आणि बॉनेट उघडू नये, कारण उघडताच आत हवा शिरून भडका उडतो.

प्रश्न (ठाणे): पट्टी पाण्यात भिजवून गुंडाळायची की कोरडी?

पाकिटावर भिजवण्यास सांगितले असेल तर भिजवून, नसेल तर कोरडी. मात्र हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे पाऊस भरपूर. खालच्या पाइपला पट्टी लावली तर चालेल का?

मी लावणार नाही. डबक्यातून गाडी गेली की पट्टी पाणी धरून ठेवते, आणि रोज तीन-चार किलोमीटरच चालणारी गाडी ती ओल पूर्ण सुकवण्याइतकी तापतच नाही. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा आहे. गंज पट्टीच्या आत वाढतो आणि वरून पाइप नीटनेटका दिसतो. गणपतीनंतर सर्व्हिसिंगला आलेल्या एका गाडीची पट्टी मी सोडली, तेव्हा कापडासोबत पाइपचे तांबूस पापुद्रे निघून आले आणि पेचकस सहज आरपार गेला. फुटलेल्या पाइपमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. पट्टी आधीच लावली असेल, तर ती काढून पाइप ठोकून पाहण्याचे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. ‘दिवाळीत बघू’ हे या बाबतीत परवडणारे नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): माझी 2021 ची टर्बो डिझेल आहे. तिच्या टर्बोला आणि पाइपला पट्टी लावू का?

नको. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा भाग, इंजिनाच्या अगदी जवळ बसवलेला असतो, आणि डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर ती जाळण्यासाठी स्वतःच अधूनमधून सुमारे 600 अंशांपर्यंत तापतो. या सर्वांभोवतीची उष्णता किती असावी हे कंपनीने हिशेबाने ठरवलेले असते, आणि तापमानाचे सेन्सर त्याच हिशेबावर काम करतात. त्यावर पट्टी चढवल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता आहे. आपली तक्रार काय आहे हे आपण लिहिलेले नाही. ती असल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लेखी नोंदवावी.

प्रश्न (मुंबई): माझ्याकडे जतन केलेली प्रीमियर पद्मिनी आहे. उन्हात ट्रॅफिकमध्ये ती बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते. पूर्वी वडील गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवत. आता हीट रॅप लावावा का?

आपल्या वडिलांचे निदान योग्य होते. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. एक्झॉस्ट गुंडाळण्यापेक्षा पेट्रोलची नळी त्यापासून लांब वळवून घ्यावी आणि तिच्यावर उष्णता परावर्तित करणारे आवरण चढवावे. यात धोका कमी आणि उपयोग अधिक आहे. त्याआधी नळ्या आणि पंपाचा पडदा मात्र बदलाच, कारण हल्लीच्या 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते व चिरते, आणि तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी पेट्रोल ठिबकणे ही पट्टीच्या प्रश्नाहून फार मोठी गोष्ट आहे. जुन्या गाड्यांचे काम जाणणाऱ्या मेकॅनिककडूनच हे करून घ्यावे.

प्रश्न (सातारा): मॅनिफोल्डवरचा पत्रा खडखडत होता म्हणून मेकॅनिकने तो काढून टाकला. त्याजागी पट्टी चालेल ना?

चालणार नाही. तो पत्रा म्हणजे कंपनीने दिलेले उष्णतारोधक कवच आहे. पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये मुद्दाम सोडलेल्या फटीतून हवा खेळते, त्यामुळे धातूत उष्णता न कोंडता ती शेजारच्या भागांपर्यंत जाण्यापासून अडते, आणि पत्र्यावर तेल मुरत नाही. तो खडखडतो तो बोल्टभोवतीचे छिद्र गंजून मोठे झाल्यामुळे. तेथे रुंद स्टीलचा वॉशर घातला की बहुतेक वेळा आवाज जातो. बॅटरी बदलताना तिच्याभोवतीचे कापडी आवरण फेकून दिले जाते, तसाच हा प्रकार आहे, आणि मग त्याच उष्णतेवर उपाय म्हणून पट्टी विकली जाते. मेकॅनिकला आजच फोन करून जुना पत्रा भंगारात गेला आहे का ते विचारावे. नसेल तर तोच वॉशर घालून बसवून घ्यावा. गेला असेल तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे नवा मागवावा आणि तो येईपर्यंत लांबचा प्रवास टाळावा.