परदेशातून पहिली रॉयल्टी आली असेल तर

परदेशातून आलेल्या रॉयल्टीवर भारतात कर कसा भरायचा, हा प्रश्न सुरुवातीला प्रत्येकालाच पडतो, त्यामुळे आपण घाबरून जाऊ नये. करकायद्यानुसार भारतात ‘सर्वसामान्य निवासी’ ठरणाऱ्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते, एवढे आधी पक्के ध्यानात घ्या.

अमेरिकेतून १,००० डॉलर रॉयल्टी ठरली आणि दोन देशांतील करारानुसार १५ टक्के कर कापून ८५० डॉलर खात्यात जमा झाले, तर नवखे लोक विवरणपत्रात हमखास ८५० डॉलरच धरतात. वास्तविक उत्पन्न पूर्ण १,००० डॉलरचे दाखवून कापलेल्या १५० डॉलरचे क्रेडिट (म्हणजे येथील करातून वजावट) वेगळा फॉर्म भरून मागायचे असते. त्यासाठी पैसे देणाऱ्याकडून येणारा १०४२-एस हा अमेरिकेत कापलेल्या कराची नोंद असलेला कागद जपून ठेवा. (पहिल्या वर्षी मी त्याचा ईमेल जाहिरात समजून पुसून टाकला होता.)

वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असल्यास आगाऊ कर भरावा लागतो. जीएसटीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.