निसर्गावस्थेला ‘मात्स्यन्याय’ म्हणावे का?

राज्यसंस्थेआधीच्या मानवी स्थितीला राज्यशास्त्रात ‘निसर्गावस्था’ (इंग्रजीत state of nature) म्हणतात. त्याऐवजी आपला जुना ‘मात्स्यन्याय’ का वापरू नये, आणि ‘नैसर्गिक स्वातंत्र्या’ला ‘मोकळीक’ म्हटले तर चालेल का, अशी विचारणा आहे.

मात्स्यन्याय हा शब्द मलाही आवडतो, पण इथे तो बसत नाही. मोठा मासा लहान माशाला गिळतो, एवढाच त्याचा अर्थ. कौटिल्य म्हणतो, दंड चालवणारा नसला की बलवान दुर्बळाला गिळतो. या जाचाला कंटाळूनच प्रजेने मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला नेमून दिला. हे वाचताना इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा ‘लेव्हायथन’ (१६५१) हा ग्रंथ आठवणारच. पण हॉब्जची मेख निराळी आहे. त्याच्याकडे मोठा मासा नाहीच! माणसे जवळपास सारख्याच ताकदीची. अगदी दुबळासुद्धा कपटाने, किंवा इतरांना हाताशी धरून, धट्ट्याकट्ट्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून धास्ती सगळ्यांनाच, आणि म्हणूनच राज्यसंस्था उभी करणाऱ्या आपसातल्या करारालाही सगळे राजी. मोठ्या माशाला करार कशाला हवा?

हॉब्जनंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ लॉक, त्याच्याकडे तर हा शब्द साफ चुकतो. तिथे निसर्गाचा कायदा, म्हणजे कोणी कोणाला इजा करू नये हा विवेकाचा नियम, राज्याच्या आधीपासूनच लागू आहे. उणीव आहे ती तंटा तोडणाऱ्या त्रयस्थ न्यायाधीशाची. निसर्गावस्था म्हणजे युद्धावस्था नव्हे, म्हणून युद्धावस्थेवर त्याने वेगळे प्रकरणच लिहिले आहे. अठराव्या शतकातला फ्रेंच भाषेतला विचारवंत रूसो, त्याचा आदिमानव तर एकटाच भटकतो, कोणाला गिळायची त्याला गरजच पडत नाही.

आता ‘मोकळीक’. हॉब्जपुरती ती खपेल, कारण त्याच्याकडे जीव वाचवण्यासाठी वाटेल ते करायची मुभा आहे, अगदी दुसऱ्याच्या देहावरही हक्क. लॉक मात्र बजावतो की ही स्वातंत्र्याची अवस्था आहे, स्वैराचाराची नव्हे. तिथे ‘मोकळीक’ लिहिली तर वाक्याचा कणाच मोडतो. रूसोने १७६२ मध्ये नैसर्गिक आणि नागरी अशी स्वातंत्र्याची फोड केली. पहिल्याला आवर फक्त स्वतःच्या बळाचा, दुसऱ्याला सामूहिक इच्छेचा. दोन्हीकडे ‘स्वातंत्र्य’ ठेवले नाही तर ही जोडी दिसतच नाही.

तेव्हा कोरडा वाटला तरी ‘निसर्गावस्था’ हाच शब्द ठेवावा. ती स्थिती बरी की वाईट, हे तो आधीच ठरवून टाकत नाही. कोणी ‘जंगलराज’ही सुचवतात, तो तर नकोच: राज्य असूनही कायदा चालत नाही तेव्हा आपण तो वापरतो, आणि इथे राज्य अजून जन्मालाच आलेले नाही.