निबंध उत्तम, पण वेष्टने बाकाखालीच

आपले पत्र मिळाले. पर्यावरणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना आपण एका शाळेत प्लास्टिकवर तास घेतला, मुलांनी उत्तम निबंध लिहिले आणि मधल्या सुट्टीनंतर त्याच मुलांच्या बाकांखाली खाऊची वेष्टने पडलेली आपल्याला दिसली. शिकवून माणसे बदलत नसतील, तर शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणात पदव्युत्तर पदवी घेऊन काय साधणार, असे आपण विचारले आहे.

प्रश्न रास्त आहे. निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी १९७७ साली तिबिलिसी येथे भरवलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची जी उद्दिष्टे सांगितली, ती जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये आणि सहभाग अशी पाच होती. आपला तास पहिल्या दोहोंपाशी थांबला. (बहुतेकांचा तिथेच थांबतो, कारण गुण त्यांनाच असतात.)

मानसशास्त्रज्ञ आइसेक आइझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादी कृती करण्याचा माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: त्या कृतीविषयीचे त्याचे मत, जवळच्या माणसांची त्याच्याकडून असलेली अपेक्षा आणि ती आपल्याला जमेल अशी खात्री. आपल्या वर्गात मत तयार होते. परंतु शेजारचा मित्र वेष्टन बाकाखाली सरकवत होता, आणि कचरापेटी बहुधा व्हरांड्याच्या पार टोकाला असावी.

पुढच्या खेपेस निबंध देऊ नका. सुट्टीनंतर मुलांनीच वेष्टने गोळा करून मोजावीत, आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि आठवड्याभराने तो कमी कसा करायचा हेही त्यांनीच ठरवावे. कोणी घरून डबा आणू म्हणेल, कोणी पेटी दाराशी आणू म्हणेल. त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी मागायला आपण जाऊ नका, मुलांना पाठवा. आपल्या सांगण्याने एखादी गोष्ट जागची हलते हा अनुभव ज्या मुलाने घेतला, ते पुढच्या वेळी वेष्टन खिशात ठेवण्याची शक्यता अधिक असते. मोजणी बंद झाल्यावर महिन्याभराने, न कळवता, पुन्हा एकदा मोजा. खरा निकाल तो.

यालाही मर्यादा आहेत. ज्या रस्त्यावर बसच येत नाही, तिथल्या मुलाला बसने जाण्याचे महत्त्व पटवून काही होत नाही. सोयींच्या अभावाचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणारे शिक्षण मला अन्यायाचे वाटते.

आता करिअरविषयी. अभ्यासक्रम लेखन, शिक्षक प्रशिक्षण, संग्रहालये व निसर्ग केंद्रे, स्थानिक प्रशासनाचे पाणी व कचरा यांविषयीचे लोकशिक्षण आणि अशा उपक्रमांचे मूल्यमापन, अशी कामे या क्षेत्रात असतात. यांपैकी मूल्यमापनाकडे आपण विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण बाकाखाली वाकून पाहण्याची सवय आपल्याला आहेच आणि ती या क्षेत्रात सर्वांना नसते. अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची विषयसूची मागवून घ्या. तिच्यात हवामान बदल आणि जैवविविधता असेल, पण वर्तनाचे मानसशास्त्र, अध्यापनशास्त्र आणि संशोधन पद्धती नसतील, तर तो अभ्यासक्रम आपल्या कामाचा नाही. पदवीत आपण जे शिकलात, तेच तिथे पुन्हा शिकवले जाईल.