विकलेली कार्बन-कपात विकसनशील देशाला स्वतःच्या हवामान-लक्ष्यातही मोजता येते का?

नाही, पॅरिस कराराच्या कलम 6 नुसार परदेशी वापरासाठी अधिकृत मंजुरी देऊन विकलेली कपात विकणाऱ्या देशाला स्वतःच्या लक्ष्यात धरता येत नाही. खरेदीदार देश कमी झालेले ते कार्बनचे टन आपल्या खात्यात दाखवतो, म्हणून विक्रेत्या देशाला तेवढेच टन आपल्या उत्सर्जनाच्या हिशेबात पुन्हा वाढवून धरावे लागतात. 2021 मध्ये ग्लासगो परिषदेत ठरलेल्या नियमावलीत यालाच अनुरूप समायोजन म्हटले आहे. पॅरिसच्या आधीच्या क्योटो हवामान कराराच्या काळात विकसनशील देशांवर बंधनकारक लक्ष्यच नव्हते, त्यामुळे तेव्हा हा पेच उद्भवला नाही. बँकॉकमधील विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांमुळे झालेली कपात थायलंडने स्वित्झर्लंडकडे हस्तांतरित केली, तेव्हा बस बँकॉकच्या रस्त्यावर, पण कपात स्विस खात्यात, असाच हा व्यवहार होता. खरा धोका मात्र निवडीत आहे. स्वस्तात साधणारी सौर किंवा ऊर्जा-कार्यक्षमतेची कामे आधी विकून टाकली, तर कोळशावरची केंद्रे बंद करण्यासारखी महागडी कामे त्या देशाच्याच गळ्यात उरतात, आणि लक्ष्य गाठायला विक्रीच्या पैशांपेक्षा जास्त खर्च येऊ शकतो. म्हणूनच मंजुरी देताना, परकीय भांडवलाशिवाय जी कामे उभीच राहणार नाहीत, तीच विक्रीस काढणे शहाणपणाचे. अपवाद एवढाच की, अशी मंजुरी नसलेली क्रेडिट्स, म्हणजे कपातीची विकता येणारी प्रमाणपत्रे, एखाद्या कंपनीने ऐच्छिक बाजारात, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना, घेतली, तर समायोजनाचे बंधन नसते आणि ती कपात जिथे झाली त्या देशाच्याच हिशेबात राहते.