खासगी डीएनए रिपोर्टवर पोटगी थांबेल का?

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र समोर आहे. ते सुरतेला पॉवरलूमवर कामाला, पत्नी गावी. लग्नानंतर चौथ्या वर्षी, जानेवारीअखेर, मुलगा झाला. पुढे बिनसले. पत्नी माहेरी गेली, तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगीचा अर्ज केला आणि अंतरिम पोटगी मंजूरही झाली. मग यांनी एका भेटीत मुलाच्या गालाच्या आतला नमुना गुपचूप घेऊन खासगी लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: पितृत्वाची शक्यता शून्य टक्के. आता विचारतात, हा रिपोर्ट कोर्टात लावला की पोटगी बंद होईल ना? शहाद्याहून, चोपड्याहून, शिरपूरहूनही हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

नाही होणार. रिपोर्ट खोटा आहे असे मी म्हणत नाही. तुमचा निकाल रिपोर्टवर लागणारच नाही, तो लागेल तुमच्या लेखी म्हणण्यावर, म्हणजे पत्नीच्या अर्जाला तुम्ही कोर्टात दिलेल्या उत्तरावर. त्याची प्रत तुम्ही शेवटी जोडली आहे. तिच्यात लिहिले आहे, ‘उभयतांना या विवाहसंबंधातून एक मुलगा आहे.’ खाली तुमची सही. वाचून सही केली असती तर आज हे पत्र वेगळे असते.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ काढून वाचा. तुमचा अर्ज १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर जुन्या पुरावा कायद्याचे कलम ११२ लागेल, गाभा तोच. वैध लग्न टिकून असताना मूल जन्मले की ते नवऱ्याचेच, हा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यातला २८० दिवसांचा हिशेब लग्न संपल्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी आहे, तुमच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचे शेवटचे वाक्य: गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोला एकमेकांजवळ येण्याची संधीच नव्हती, हे दाखवले तर आणि तरच हे गृहीतक मोडते. संबंध आला नाही एवढे पुरत नाही. संधी नव्हती हे दाखवावे लागते.

आता तुमचेच पत्र. ‘मी वर्षभर सुरतेत होतो, फक्त आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला घरी यायचो.’ जानेवारीअखेरच्या जन्मापासून मागे मोजा, गर्भधारणेचा काळ एप्रिलअखेर ते मे असा येतो. म्हणजे आखाजीचेच दिवस! तुम्ही म्हणता, ती तेव्हा माहेरी होती. खान्देशात आखाजीला लेक माहेरी असतेच, आणि जावईही तिथे जातोच. तिचे माहेर तुमच्या गावापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासावर. एरवीही सुरतेच्या उधना स्टेशनहून रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी अमळनेरला उतरतो. उलटतपासात समोरचा वकील एवढेच विचारेल आणि खाली बसेल.

‘विज्ञान श्रेष्ठ’ म्हणून २०१४ चा नागपूरच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळे दाखवतात. गृहीतक आणि शास्त्रीय पुरावा यांत विरोध आला तर पुरावा वरचढ, हे त्यात आहे खरे. पण तिथल्या नवऱ्याने संबंधच नव्हता असे सांगत पितृत्व नाकारले होते आणि चाचणी कोर्टाच्या आदेशाने, दोनदा झाली होती. तुमच्याशी जुळते ते फेब्रुवारी २०२३ चे पुण्याचे प्रकरण. तिथेही नवऱ्याकडे खासगी लॅबचा शून्य टक्क्यांचा रिपोर्ट होता, पण संधी नव्हती असे त्याने म्हटलेच नव्हते. मुलाची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. जानेवारी २०२५ मध्ये तर त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की पत्नीचे दुसऱ्याशी संबंध होते असे धरले, तरी नवऱ्याला संधी नव्हती असे त्यातून ठरत नाही.

रिपोर्टविषयी थोडक्यात. डीएनएच्या प्रत्येक तपासलेल्या जागी मुलाला एक खूण आईकडून आणि एक बापाकडून मिळते. एखाददुसरी खूण न जुळणे उत्परिवर्तनानेही होते, म्हणून लॅब अनेक जागा तपासते. तुमच्या रिपोर्टमध्ये आईचा नमुना नाही. मुख्य म्हणजे तो नमुना त्याच मुलाचा होता हे कोण सांगणार? ना पंच, ना सील, ना सही. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा तज्ज्ञाला न बोलावता वाचला जातो. खासगी लॅबच्या माणसाला तुम्हाला साक्षीला आणावे लागेल.

तरीही लढायचे असेल तर पत्नीचा उलटतपास सुरू होण्याआधी लेखी म्हणण्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. कबुली मागे घेणे सोपे नाही, कोर्ट परवानगी देईलच असे नाही. पण त्या आखाजीला तुम्ही खरोखर आला नसाल तर त्या महिन्यांचे हजेरी मस्टर, पीएफचा उतारा, बँकेच्या नोंदी, खोलीमालकाची साक्ष, हे सगळे गोळा करा. आला असाल तर हा मुद्दा सोडून द्या. पत्नीची स्वतःची पोटगी तशीही वेगळी आहे, मुलाच्या रिपोर्टने ती आपोआप जात नाही.

रिपोर्ट भाऊबंदकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्याचे तुम्ही सहज लिहून गेलात. ते वाचून मला राग आला. मुलगा शाळेत जातो, त्याच गल्लीत खेळतो. यात त्याचा दोष काय? आजच्या आज तो मेसेज काढा आणि नमुना पुन्हा घेऊ नका.

अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. तुमच्याकडे त्याला दीड वर्ष लागले, आणि पोरासह एक बाई तारखांना खेटे घालत राहिली. ती चीड मलाही आहे. पण म्हणून मंजूर झालेली रक्कम थांबवायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. वसुलीच्या अर्जावर वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. थकलेले तीन हप्ते याच आठवड्यात कोर्टात भरा आणि पावती वकिलाकडे द्या.